शेवटची गाडी आणि सत्राचा पहिला पंधरवडा

(वैजापूर तालुक्यातील कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



जून महिना अर्धा सरला की वैजापूरच्या बस स्थानकावर दोन प्रकारची गर्दी दिसू लागते. एक बियाणे आणि खते घेऊन गावाकडे परतणाऱ्या शेतकऱ्यांची. दुसरी गुणपत्रके आणि जातीचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत सांभाळीत प्रवेशासाठी आलेल्या मुलामुलींची. पुष्कळदा ही माणसे एकाच घरातील असतात. कधी कधी तर दोन्ही कामे एकाच मुलाच्या अंगावर पडलेली असतात: सकाळी अर्ज भरावयाचा आणि दुपारी कपाशीच्या बियाण्याची थैली काखोटीला मारून शिऊर, गारज किंवा नागमठाणकडची गाडी धरावयाची. विद्यार्थ्यांच्या सामाजिक जीवनाचा विचार करावयाचा तर तो या फलाटावरून सुरू करावा लागतो. सभागृहापासून सुरुवात केली तर फार मोठा विद्यार्थिवर्ग हिशेबाबाहेरच राहतो.

सत्रारंभाच्या रूढी सर्वांना ठाऊक आहेत. नव्यांचे स्वागत, परिचयाचा कार्यक्रम, वाङ्मय मंडळाचे उद्घाटन, राष्ट्रीय सेवा योजनेची नावनोंदणी, आणि अलीकडे ठरावीक दिवशी ठरावीक रंगाचे कपडे घालून काढावयाची सामुदायिक छायाचित्रे. समाजवादी कार्यकर्त्याची या गोष्टींकडे पाहण्याची दृष्टी बहुधा तुच्छतेची असते. हा सारा चंगळवाद आहे, खरा प्रश्न शुल्काचा आणि नोकरीचा आहे, असे तो म्हणतो आणि पुढे जातो. हा निर्णय घाईचा आहे. घराण्यातील पहिलाच पदवीचा विद्यार्थी जेव्हा वर्गात पाऊल टाकतो, तेव्हा त्याचे पुढील तीन-चार वर्षांचे स्थान पहिल्या पंधरवड्यातच ठरून जाते. कोणाच्या शेजारी बसावयाचे, चहाला कोणाबरोबर जावयाचे, वही कोणाकडे मागावयाची हे ठरते. ‘तू कुठला?’ या प्रश्नामागोमाग ‘आडनाव काय?’ हा प्रश्न येतो आणि त्याच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून राहते. गावकुसाबाहेरचा मुलगा हा प्रश्न ओळखतो. विचारणारा तो निरागसपणे विचारल्याचा आव आणतो. समतेची पहिली परीक्षा या चहाच्या टपरीवर होते. तिचा निकाल कोणत्याही गुणपत्रकावर छापला जात नाही, एवढेच.

मराठवाड्याच्या जुन्या पिढ्यांचा अनुभव वेगळा होता. निजामी राजवटीत मॅट्रिकच्या पुढे शिकावयाचे तर औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज, आणि त्याही पुढे हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ, असा मार्ग होता. घर सोडल्याखेरीज शिक्षण नाही, आणि घर सोडले की वसतिगृह. १९३८ च्या नोव्हेंबरात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांचा जो लढा पेटला, तो औरंगाबाद आणि हैदराबाद येथील वसतिगृहांत सायंकाळी एकत्र जमणाऱ्या मुलांनी पेटविला. विद्यार्थी मोठ्या संख्येने काढून टाकले गेले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांतील पुष्कळांना प्रवेश दिला, पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक होत. त्या मुलांना कोणी संघटनेचे शिबिर घेऊन तयार केले नव्हते. एका छपराखालच्या संध्याकाळींनी त्यांना एकमेकांची ओळख करून दिली होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले तेव्हाही त्यांच्यासमोर केवळ वर्गखोल्या नव्हत्या. नागसेनवनाच्या परिसरात मिलिंद महाविद्यालयाबरोबर वसतिगृहे उभी राहिली आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांना तेथे आयुष्यात प्रथमच रात्रीचे वाचन, नाटकाची तालीम आणि न घाबरता वाद घालण्याची सवय लागली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. गंगाधर पानतावणे यांनी चालविलेले ‘अस्मितादर्श’ आणि त्याभोवती जमलेली लेखकांची पिढी यांची मुळे या सहवासात सापडतात. त्याआधी कितीतरी वर्षे कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याकडे निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसविले आणि त्यांच्याकडूनच स्वयंपाकपाण्याची कामे करून घेतली, ती केवळ खर्च वाचावा म्हणून नव्हे.

वसतिगृहांचे गुणगान करताना त्यांच्या दुसऱ्या बाजूकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही. नव्या मुलांच्या छळाची रूढी तेथेच वाढली. तिच्याविरुद्ध महाराष्ट्राला १९९९ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला आणि हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर, २००९ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाला देशभरासाठी कडक नियम घालून द्यावे लागले. शिवाय एकत्र राहण्याने मने एक होतातच, असेही नाही. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी खांद्याला खांदा लावून रस्त्यावर उतरले. वसमत येथे गोळीबार झाला. अवघ्या चार वर्षांनी, २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि गावोगाव दलित वस्त्या पेटल्या, तेव्हा त्याच पिढीचे विद्यार्थी दोन बाजूंना उभे होते. एका बाकावर बसलेल्यांनी एकमेकांचे घर कधी पाहिलेले नव्हते, हे तेव्हा कळून आले. नामविस्तार व्हावयास १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

तालुक्यातालुक्यांत महाविद्यालये झाली. वैजापुरात विनायकराव पाटील महाविद्यालय उभे राहिले, आणि ज्या घरांतून मुलींना औरंगाबादेस पाठविण्याची कल्पनाही कोणी केली नसती त्या घरांतील मुली पदवीधर झाल्या. हा लाभ थोर आहे. त्याविषयी शंका घेणारा माणूस खेडे जाणत नाही. परंतु या लाभाच्या पोटात एक गोष्ट घडली, तिची नोंद फारशी झाली नाही. महाविद्यालय गावाच्या जवळ आले आणि म्हणूनच विद्यार्थी महाविद्यालयाच्या आवारात राहीनासा झाला. तो आता रोज जाऊन येऊन शिकतो. पूर्वीचा विद्यार्थी संध्याकाळी तेथेच असे; आजचा दुपारी स्थानकाकडे धावतो.

अर्थशास्त्रात दारिद्र्य पैशाने मोजण्याची सवय आहे. येथे ते तासांनी मोजावयास हवे. गंगथडीच्या एखाद्या गावातील मुलीचा दिवस घ्यावा. पहाटे उठून पाणी आणि भाकरी. सातच्या सुमारास फाट्यावर. गाडी आली तर दीड तासाने वर्गात. तास संपतात दुपारी. गावाकडची सोयीची गाडी लगेच असते. ती चुकली तर पुढची थेट संध्याकाळी, आणि अंधार पडल्यावर फाट्यापासून घरापर्यंतची वाट एकटीने चालावयाची कोणाची छाती नाही. अशा मुलीला चार वाजताच्या स्वागत समारंभाचे निमंत्रण म्हणजे न येण्याचेच निमंत्रण होय. पुढे तिच्याविषयी म्हटले जाते की खेड्यातील मुली बुजऱ्या असतात, भाग घेत नाहीत.

शासनाच्या सवलतींची रचनाही येथे पाहण्यासारखी आहे. अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण मुलीला बारावीपर्यंत एसटीचा प्रवास मोफत मिळतो. पदवीच्या पहिल्या वर्षात तिने पाऊल टाकले की ही सवलत थांबते आणि मासिक पासाचा एक तृतीयांश भार तिच्यावर येतो. रक्कम शहरी माणसाला क्षुल्लक वाटेल. परंतु ती नेमकी त्याच आठवड्यात उभी करावयाची असते, ज्या आठवड्यात बियाण्याचे पैसे द्यावयाचे असतात. त्या घरात कोणाचा खर्च पुढे ढकलला जातो, हे सांगावयास नको. आणि पास असूनही गाडी नसली तर? महामारीनंतर २० ऑक्टोबर २०२१ पासून राज्यातील महाविद्यालये उघडली आणि आठवड्याभरातच एसटी कामगारांचा संप सुरू झाला, तो पुढील एप्रिलपर्यंत चालला. कामगारांची मागणी न्याय्य होती. पण त्या वर्षी खेड्यातील पुष्कळ विद्यार्थ्यांना सत्रारंभ असा लाभलाच नाही, आणि कामगार व विद्यार्थी यांना एका व्यासपीठावर आणण्याची ती संधी डाव्या-समाजवादी मंडळींनी बव्हंशी दवडली, हेही कबूल केले पाहिजे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ नावाने नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताची एक रूपरेषा प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांनी परस्परांत मिसळावे, संस्थेशी त्यांचे नाते जुळावे, हा तिचा हेतू चांगला आहे. पण ती कल्पना निवासी संस्थांच्या मापाची दिसते. वैजापूरच्या मापाने पाहिले तर सत्राचे पहिले आठवडे म्हणजे पेरणीचे आठवडे. मृगाचा पाऊस झाला असेल तर मुलगा तिफणीमागे असतो. झाला नसेल तर घरातील चिंतेत वाटेकरी असतो. तो वर्गात येतो तेव्हा गट पडून गेलेले असतात, वर्गणीही गोळा झालेली असते.

वर्गणीचा प्रश्न दिसावयास लहान आहे. ती देता आली नाही म्हणून कोणी कार्यक्रमातून हाकलून देत नाही. न देणारा आपण होऊनच त्या दिवशी येत नाही, आणि यातच तिचे सामर्थ्य आहे. या तालुक्याला दुसरी रीत माहीत नाही, असे मुळीच नाही. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतील सप्ताह श्रावणात भरतो. भाकरी गावोगावच्या घरांतून येते, आमटी जागेवर शिजते आणि बसणाऱ्याला कोणी किती दिले हे विचारीत नाही. धर्मश्रद्धेचा भाग ज्याचा त्याने पाहावा. ज्या मुलांचे आईबाप या पंक्तींत वाढतात त्यांना महाविद्यालयात मात्र थाळीचा दर ठरवून स्वागत करावयाचे सुचते, याचे नवल वाटते. डब्यातील भाकरी एकत्र करून दुपारी बारा वाजता झाडाखाली बसण्यास कोणाचीच परवानगी लागत नाही. जुन्या संकोचाला धक्का बसतो तो तेथेच. कोणाच्या डब्याला कोण हात लावतो, हे सर्वजण पाहत असतात.

राहिला विद्यार्थ्यांच्या अधिकाराचा प्रश्न. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील खुल्या निवडणुका बंद झाल्या आणि परीक्षेत अधिक गुण मिळविणारा वर्गाचा प्रतिनिधी ठरू लागला. आधीच्या निवडणुकांत पैसा आणि गुंडगिरी शिरली होती, मुंबईत १९८९ मध्ये एका विद्यार्थ्याचा खूनही झाला होता, हे खरे. तथापि, विधानसभेच्या निवडणुकांतही पैसा आणि गुंडगिरी असते. म्हणून आमदार गुणपत्रक पाहून नेमावेत, असे कोणी सुचविलेले नाही. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली, २०१९ मध्ये त्या ठरल्या, पुढे ढकलल्या गेल्या, आणि त्यानंतर महामारी आली. परिणाम असा की स्वागताचा कार्यक्रम किती वाजता ठेवावा, वर्गणी असावी की नसावी, एवढे ठरविण्याचाही अधिकार खेड्यातून येणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या हाती राहिलेला नाही.

पक्षाचे कार्यकर्ते महाविद्यालयात जातात ते बहुधा आंदोलन पेटल्यावर, फलक घेऊन. जूनमध्ये तेथे त्यांचे काम नसते, अशी समजूत आहे. वस्तुतः याच दिवसांत स्थानकावर आठ दिवस बसून गावागणिक गाड्यांच्या वेळा, त्यांत चढणाऱ्या मुलामुलींची संख्या आणि न येणाऱ्या गाड्या यांची वही तयार करता येईल. ती वही घेऊन आधी प्राचार्यांकडे जावे, कार्यक्रम दुपारच्या गाडीपूर्वी संपविण्याची विनंती करावी. मग आगारात जावे आणि गंगथडी व शिऊरकडच्या मार्गांवर सायंकाळची एक गाडी मुलींच्या नावाने मागावी. सेवा दलात वाढलेल्या ज्येष्ठांची घरे वैजापुरात आहेत. गाडी चुकलेल्या मुलीला रात्रीपुरता आसरा देणाऱ्या अशा घरांची यादीही त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहिता येईल. आडनाव न विचारता दार उघडणारी घरे किती निघतात, तेही त्यातून समजेल.