मातीतला जिवलग



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी येथील मुलांच्या हाती पाटीबरोबर मातीही दिली. म्हणून आज मी मातीच्या जनावराविषयी बोलणार आहे.

सांबऱ्याच्या मुलाला हा विषय परका नाही. ज्येष्ठ अमावास्येला आपल्या भागात मातीचे बैल पूजिले जातात. कन्नडमध्ये 'मण्णु' म्हणजे माती आणि 'एत्तु' म्हणजे बैल. त्यावरून ती 'मण्णेत्तिन अमावास्या'. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीचा कच्च्या मातीचा बैल स्त्रीमूर्तीसह मिळाला. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांतील पहिल्या शिलालेखांहून तो जुना आहे.

पूजेचा बैल कोणाचाही चालतो; आपल्या गोठ्यातला बैल घडविणे मात्र निराळे. नवशिका प्रथम डोळे करावयास बसतो, कारण त्याची माया तेथे गुंतलेली असते. परंतु धड, मान, वशिंड हे मोठे आकार बसल्याखेरीज डोळ्यांना जागा सापडत नाही. ओल्या मातीचे बारीक पाय धड तोलीत नाहीत. म्हणून पहिले जनावर बसलेले करावे. शिंगे, कान जोडताना दोन्ही बाजूंना रेघा पाडून मातीची राबडी लावावी. वाळताना माती आकसते, आतली तार आकसत नाही. मग तडे जातात. मूर्ती सावलीत सावकाश वाळवावी. भाजावयाची असल्यास पोट पोकळ ठेवावे, नाहीतर राहिलेल्या ओलीची वाफ होऊन ती फुटते.

ही झाली हाताची शिस्त. साम्य कोठून येते? आमचा म्हातारा बैल गेल्यावर मी त्याची प्रतिमा केली. आईने डोळे मिटून तिच्या मानेवरून हात फिरविला आणि म्हणाली, "जुवाचा घट्टा राहिला की रे!" मी तेथे मातीची चिमूट बसविली, आणि बैल आमचा झाला. रूपापेक्षा कष्टाची खूण आईच्या बोटांना अधिक ठाऊक होती.

ज्यांनी १९२८ साली पुण्यातील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा घडविला, त्या शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकरांनी बालपणी गावच्या देवळाच्या भिंतीवर घोड्यावरील शिवाजीमहाराजच रेखाटले होते. खेड्यातल्या मुलाची नजर कोठवर जाऊ शकते, ते यावरून दिसते.

ट्रॅक्टर आले, गोठे रिकामे होत आहेत. मित्रहो, जनावर समोर आहे तोवरच त्याच्यापुढे मातीचा गोळा घेऊन बसा. मूर्ती ओबडधोबड झाली तरी चालेल. त्या निमित्ताने तुम्ही त्याला नीट पाहिलेले असेल.