रक्ताचा गुण आणि हातातील विडी
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



कोणाचा मुलगा विडी ओढताना दिसला की वडीलधारी मंडळी म्हणतात, "नवल ते काय? आजा ओढीत होता, बाप ओढतो; रक्तातच आहे ते." शिक्षक असताना हेच वाक्य मी एका विद्यार्थ्यास ऐकविले होते. पुष्कळ वर्षांनी तो भेटला. हातात विडी होती. म्हणाला, "गुरुजी, रक्तातच आहे म्हटल्यावर सोडण्याची खटपट कशाला करायची?" ते उत्तर माझ्या मनास लागून राहिले आहे.

रक्ताचा वाटा आहे, हे नाकारता येत नाही. १९५८ साली रोनाल्ड फिशर या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखविले की, हुबेहूब जुळ्या भावंडांच्या धूम्रपानाच्या सवयी इतर जुळ्यांपेक्षा अधिक जुळतात. मात्र त्यावरून त्यांनी धूम्रपानाने कर्करोग होतो या निष्कर्षावरच शंका घेतली. ती पुढे टिकली नाही. निकोटिनचे विघटन मुख्यत्वे यकृतात होते. ते किती वेगाने व्हावे, हे एकोणिसाव्या गुणसूत्रावरील एका जनुकावर बरेच अवलंबून असते. ज्याच्या शरीरातून निकोटिन लवकर नाहीसे होते, त्याला पुन्हा लवकर तलफ येते. २००८ साली पंधराव्या गुणसूत्रावरील जनुकांचा आणि दिवसाकाठी ओढल्या जाणाऱ्या सिगारेटींच्या संख्येचा संबंधही आढळला.

दुसरा वाटा स्वभावाचा. बहिर्मुख माणसे अधिक धूम्रपान करतात, असे हान्स आयझेंक यांनी १९६० साली मांडले. धाडसी, उतावळा मुलगा मित्रांच्या आग्रहाने पहिला झुरका घेतो. चिंतातुर माणसास तो सोडणे जड जाते. स्वभावही अंशतः वारशाने येतो. म्हणजे स्वभाव विडीपर्यंत नेतो आणि शरीरधर्म तिची पकड घट्ट करतो.

परंतु विडी हाती देतो कोण? २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील पुरुषांत धूम्रपान करणारे ६ टक्के, तर स्त्रियांत १.४ टक्के आढळले. भाऊ-बहीण एकाच रक्ताची. मग हा फरक कशाचा? रीतीचा. माझे वडील मला चुलीवर विडी पेटवून आणावयास सांगत. विझू नये म्हणून वाटेत मी एक झुरका घेत असे. तो पहिला झुरका मला घरानेच दिला. पुढे ती सवय सोडताना मी तीनदा हरलो, चौथ्यांदा जिंकलो.

बंधुहो, ज्या घरात ही ओढ वारशाने आली असेल, त्या घराने अधिक जपले पाहिजे. मुलास विडी आणावयास पाठवू नका. सोडू पाहणारा पुन्हा घसरला तर त्यास हिणवू नका. कोणास ते इतरांहून खरोखरच कठीण जाते. आणि "रक्तातच आहे" हे वाक्य आजपासून आपल्या तोंडून जाऊ द्या. माझ्या त्या विद्यार्थ्यास मी हे आता सांगितले आहे. त्याचा प्रयत्न चालू आहे.