पायऱ्या कुठे आहेत?



गणिताच्या बाई वही परत देताना म्हणायच्या, "उत्तर बरोबर आहे, पण पायऱ्या कुठे आहेत?" आणि अर्धे गुण कापायच्या. मला फार राग यायचा.

१९९३ साली दूरदर्शनवर 'ब्योमकेश बक्षी' लागायची. सोलापुरातल्या आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता. सगळी मुलं तिथे जमायची. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत 'तुला खुनी कधी कळला?' यावरून भांडणं! बासू चटर्जींनी शरदिंदु बंद्योपाध्यायांच्या कथा जुन्या कलकत्त्यातच ठेवल्या. धोतर नेसलेला रजित कपूर शांतपणे विचार करायचा, आपल्यालाही करू द्यायचा. ब्योमकेश स्वतःला डिटेक्टिव्ह नव्हे, सत्यान्वेषी म्हणवतो.

२०१० साली बीबीसीच्या 'शेरलॉक'ने होम्सला थेट आजच्या लंडनमध्ये आणलं. १८९० च्या 'द साइन ऑफ फोर'मध्ये होम्स वॉटसनच्या घड्याळावरून त्याचा भाऊ दारुडा होता हे ओळखतो. कारण किल्लीच्या भोकाभोवती ओरखडे असतात. पिणाऱ्याचा हात थरथरतो. मालिकेत घड्याळाचा मोबाइल झाला आणि ओरखडे चार्जरच्या भोकाभोवती आले. वस्तू बदलली, पायऱ्या त्याच. माझ्यातली इंजिनिअर खूश झाली.

पण एक फरक आहे. कादंबरीत होम्सचं भावाबद्दलचं अनुमान बरोबर ठरतं. मालिकेत फोनवरचं 'हॅरी' हे नाव वाचून शेरलॉक भाऊच धरून चालतो, आणि ती निघते बहीण! एक पायरी त्याने न तपासताच ओलांडलेली असते.

मीही ओलांडली होती. एका रात्री आमची यंत्रणा बंद पडली. नोंदी चाळून दहा मिनिटांत मी ठरवलं, चूक नव्याने आलेल्या मुलीची. सगळ्यांसमोर तिला बोलले. सकाळी एकेक पायरी तपासली, तर चूक मीच दोन वर्षांपूर्वी लिहिलेल्या एका ओळीत होती. मग माफीही सगळ्यांसमोरच मागितली. त्या दिवसापासून कुणाचं नाव घेण्याआधी मी पायऱ्या कागदावर लिहिते.

म्हणून गुप्तहेराची कोणतीही मालिका, जुनी असो वा नवी, मी एकाच कसोटीवर पाहते: तो नुसतं उत्तर सांगतो, की पायऱ्याही दाखवतो?

बाई, ते अर्धे गुण तुम्ही बरोबरच कापले होते.