लिंकनचं पत्र आणि लिंकनची पत्रं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संगणकाच्या धंद्यातल्या बाईला भाषेवर बोलायला सांगितलं आहे, त्याचं कारण एवढंच की जूनपासून महिन्यातले दोन शनिवार मी पुण्याहून ऑनलाइन आपल्या नववीच्या वर्गाचा एक तास घेते. वर्गात इंग्रजीच्या बाई असतात, मी पडद्यावर असते. आम्ही दोघींनी ठरवलं की वर्षभर एकाच माणसाचं लेखन वाचायचं आणि त्यातून मुलांनी स्वतः लिहायला शिकायचं. माणूस निवडला अब्राहम लिंकन.

लिंकनच का? एक तर सगळं मिळून त्याचं शालेय शिक्षण वर्षभराचंही नव्हतं. लिहायला तो शिकला ते वाचून आणि पुन्हापुन्हा खोडून. दुसरं, त्याची पत्रं छोटी आहेत. एका तासात एक पुरं होतं. तिसरं, त्याचं लेखन १९५३ साली आठ खंडांत छापलं गेलं आणि आज ते इंटरनेटवर मोफत वाचता येतं. म्हणजे एखादं वाक्य त्याचं आहे की नाही, हे आठवी-नववीचं पोरसुद्धा पडताळू शकतं.

पहिलं पत्र घेतलं २२ जुलै १८६० चं. लिंकन तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार होता. त्याच्या मुलाचा, रॉबर्टचा मित्र जॉर्ज लॅथम हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेत नापास झाला. रॉबर्ट स्वतः आदल्या वर्षी तिथेच नापास झालेला. निवडणुकीच्या धामधुमीत लिंकन या पोराला पत्र लिहितो. आपल्याला फार वाईट वाटलं, हे आधी सांगतो. मग म्हणतो, खचू नकोस, तू ठरवलंस तर होईल. आणि मधेच एक अगदी व्यवहारातली गोष्ट सांगतो, की विद्यापीठाच्या प्रमुखांना जाऊन भेट, अडचण कशी दूर करायची ते तेच दाखवतील.

मुलांना काम दिलं: यातली धीराची वाक्यं कोणती, कामाचं वाक्य कोणतं, खुणा करा. मग शिष्यवृत्तीत किंवा कबड्डीच्या निवडीत हुकलेल्या मित्राला मराठीत पत्र लिहा. पहिल्या खेपेला सगळ्यांनी 'अपयश ही यशाची पहिली पायरी' लिहिलं. दुसऱ्या खेपेला एका मुलीनं लिहिलं, "सोमवारी मधल्या सुट्टीत सरांकडे जाऊ. मी बरोबर येते." मला वाटतं, त्या दिवशी तिला पत्र म्हणजे काय ते कळलं.

याच पत्राचा मराठी अनुवाद करताना भांडण झालं. लिंकन एका वाक्यात 'मस्ट' शब्द वापरतो आणि लगेच पुढे त्याच शब्दावर बोट ठेवतो. मराठीत काय करायचं? कुणी म्हणालं 'पाहिजे', कुणी म्हणालं 'हवंच'. शेवटी वर्ग 'च'वर आला. एका अक्षरात एवढी ताकद असते, हे व्याकरणाच्या पुस्तकातून शिकवायला मला महिना लागला असता.

दुसरं पत्र त्यानं पाठवलंच नाही. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गची लढाई जिंकूनही जनरल मीड यांनी लीच्या सैन्याला नदीपार निसटू दिलं, म्हणून लिंकन संतापला. १४ जुलैला त्यानं मीड यांना कडक पत्र लिहिलं आणि पाकिटावर नोंद केली, की हे पाठवलं नाही, सहीही केली नाही. मुलांनी आधी रागाचं पत्र लिहिलं, मग त्याच विषयावर पाठवता येईल असं पत्र लिहिलं. दोन्हीतला फरक त्यांनीच फळ्यावर मांडला. ऑफिसात मेल लिहिणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हा तास लावायला हवा!

तिसरं, गेटिसबर्गचं भाषण, १९ नोव्हेंबर १८६३. एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले, लिंकन दोनेक मिनिटं; सुमारे २७० शब्द. त्याच्या हातच्या पाच प्रती आहेत आणि त्या शब्दन् शब्द सारख्या नाहीत. पहिल्या दोन प्रतींत देवाचा उल्लेख नाही, नंतरच्या तीन प्रतींत आहे. प्रोग्रॅमच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक शोधणं हे माझं रोजचं काम. तेच मुलांनी केलं आणि प्रत्येक फरकापुढे 'का?' लिहिलं.

एवढं झाल्यावर मी त्यांना जिन्याजवळच्या भिंतीवरचं पत्र वाचायला सांगितलं. लिंकनचं हेडमास्तरांस पत्र. महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांत लावलेलं आहे ते. दहा मिनिटांत मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, यात मुलाचं नाव का नाही?" मग दुसरा म्हणाला, गुरुजींचंही नाही. तारीख नाही, गाव नाही. तिसरी म्हणाली, "तो असं सगळ्या जगाला एकदम लिहीत नाही. कुणातरी एकाला लिहितो." मग त्यांनी आठ खंडांत शोध घेतला. तिथे हे पत्र नाही, कारण ते लिंकननं लिहिलेलंच नाही.

मित्रांनो, मला माहीत आहे की आपल्या बॅचच्या देणगीतून नव्या वाचनालयात हेच पत्र ग्रॅनाइटवर कोरून घ्यायचं ठरलं आहे. पत्राखाली लिंकनचं नाव आणि त्याखाली आपलं. ग्रुपवर काहींनी मला लिहिलं, "भावना चांगली आहे ना, मग नाव कुणाचं का असेना." यावर माझं एवढंच म्हणणं आहे, की नावानं फरक पडत नसेल तर ते कोरायचं कशाला? पुलं, वपु, कलाम यांच्या नावावर त्यांनी कधीच न लिहिलेली वाक्यं रोज मुलांच्या फोनवर येतात. ती ओळखायला आपण त्यांना वर्गात शिकवायचं आणि वाचनालयाच्या दारात तसंच एक दगडात कोरून ठेवायचं, हे मला पटत नाही.

आणि ज्या शब्दांनी आपण भारावलो, ते मराठी शब्द कवी वसंत बापटांचे आहेत. तो अनुवाद त्यांनी केला. त्यांचं नाव आपल्या चौकटीत अगदी खाली, बारीक अक्षरांत आहे. कविता म्हणून ती सुंदर आहे, ती काढावी असं मी म्हणत नाही. बापटांचं नाव मोठं करा, लिंकनचं काढा.

शेजारी आणखी एक फलक लावावा, अशी माझी विनंती आहे. त्यावर लॅथमला लिहिलेलं खरं पत्र, तारखेसह, नववीच्या मुलांनी केलेल्या मराठीत. दरवर्षी आपल्या शाळेत कुणीतरी नापास होतं. त्याला वाचायला ते तिथे असू दे.

दगडवाल्याकडे मजकूर सोमवारी जायचा आहे. मुलांचा अनुवाद मी झेरॉक्स काढून आणला आहे; चहाच्या वेळी प्रत्येकानं एक प्रत घ्या, वाचा आणि जायच्या आधी आपलं मत कार्यवाहांना सांगा. 'च' कुठे ठेवायचा यावर मुलांचं अजून एकमत झालेलं नाही. तुमचंही मत त्यांना हवं आहे.