परग्रहाचं पाणी कुठून येतं?

आज पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

तुमचं मनापासून अभिनंदन. पालकहो, संत्र्या-कापसाच्या कमाईतून तुम्ही मुलांच्या ॲनिमेशनच्या शिक्षणाला पैसे लावलेत. त्या विश्वासाला माझा नमस्कार.

उद्या स्टुडिओत कुणीतरी तुम्हाला सांगेल, "एक परग्रह उभा करून दे." इंटरनेट उघडलं की जांभळं आकाश, दोन चंद्र, चमकणारी झाडं तयार मिळतील. पण ती सगळ्या जगाला तशीच मिळतात. म्हणून आधी आपल्या या मोहगावच्या जमिनीला विचारा.

इथे विहीर खणली की काळा कातळ लागतो. तो थिजलेला लाव्हा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे लोट एकामागून एक पसरत गेले. दोन लोटांमध्ये मोठी उसंत मिळे. तेवढ्यात तळी साचत, काठावर झाडं वाढत आणि पुढचा लोट येऊन सगळं झाकून टाकी. आपल्याच नावाचं मोहगाव कलान छिंदवाड्याजवळ आहे. तिथे ते जग दगडात सापडलं. पाण्यात विरघळलेल्या सिलिकेने तिथल्या वनस्पती इतक्या नीट जपल्या आहेत, की दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर पेशी दिसतात. बिरबल सहानी आणि रोडे या शास्त्रज्ञांनी १९३७ साली या जीवाश्मांवर लिहिलं. त्यांत निपा या ताडाचं फळ होतं. आज निपा सुंदरबनात, खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढतो. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर आहे, पण त्या एका फळामुळे शास्त्रज्ञांना इथे खाऱ्या पाण्याचा विचार करावा लागला.

चित्रकाराने शिकावं ते हेच. एक खरं फळ नीट काढलं, तर भोवतालचं पाणी, हवा आणि चिखल त्याच्यामागे आपसूक येतात. कारणाशिवाय काढलेलं झाड कितीही चमकलं, तरी त्या ग्रहावर परकंच राहतं.

उजेड शिकायचा असेल तर पातालकोटला जा. त्या खोल दरीत गोंड आणि भारिया लोक राहतात. कड्यांमुळे ऊन उशिरा उतरतं आणि लवकर सरतं. असा आखूड दिवस असलेल्या ग्रहावर लोक केव्हा पेरतील, घराचं दार कोणत्या दिशेला ठेवतील? भविष्यातली खाणवस्ती हवी असेल तर सौंसरकडच्या मँगनीज खाणी पाहा. तिथली धूळ कशावर बसते, वाट कुठे झिजते, माणसं सावली कुठे शोधतात, ते टिपून ठेवा. १९९५च्या 'घोस्ट इन द शेल' या जपानी चित्रपटातलं भविष्यातलं शहरही हाँगकाँगच्या खऱ्या रस्त्यांवरूनच उभं राहिलं.

तुमच्यातले बरेच जण कामासाठी पुण्या-मुंबईला, हैदराबादला जाल. जरूर जा. तिथे सॉफ्टवेअर आमच्या काळापेक्षा फार पुढचं असेल आणि ते तुम्ही शिकालच. पण हा कातळ, ही दरी, या खाणी ज्यांनी लहानपणापासून पाहिल्या, असे डोळे तिथे थोडे असतील. त्यांची किंमत ओळखा आणि 'गावाकडचं' म्हणून ते झाकू नका.

म्हणून एकच मागणं आहे. पहिला ग्रह रंगवायला बसाल तेव्हा तिथलं पाणी कुठून येतं, उजेड कुठून पडतो आणि तिथला जीव काय खातो, हे आधी वहीत लिहा. उत्तरं पक्की झाली की मगच रंग घ्या. तो ग्रह पाहणाऱ्याला खरा वाटेल आणि तो फक्त तुम्हीच घडवू शकत होतात, हे जाणकारांना कळेल.