कुत्र्याला टाकलेली कच्ची कलेजी

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलणं जसं होतं, जवळपास तसंच ठेवलं आहे.)

बसमध्ये असाल, लोकलमध्ये लटकत असाल किंवा इअरफोन लावून भांडी घासत असाल, सगळ्यांचं स्वागत. नेहमी ऐकणाऱ्यांना माहीत आहे, मी जनावरांची डॉक्टर. माणसांच्या आजारांवर मी सहसा बोलत नाही. पण आजचा आजार असा आहे की तो माणसात सापडतो आणि त्याचं मूळ माझ्या खात्यात निघतं. आणि हो, जेवता जेवता ऐकत असाल तर पॉज करा, आधी जेवून घ्या.

आजाराचं नाव हायडॅटिड. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पाण्याने भरलेला फुगा. आपल्याकडे सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडल्यावर लोक म्हणतात, ‘लिव्हरमध्ये पाण्याची गाठ निघाली.’ अशी प्रत्येक गाठ हायडॅटिडची नसते, साध्या गाठीही असतात. पण जी हायडॅटिडची असते, तिच्या आत एक जंत वाढत असतो.

हा एक पट्टकृमी, म्हणजे चपटा, फितीसारखा जंत. पट्टकृमी म्हटलं की काही फूट लांबीचं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. हा मात्र फार तर सात मिलिमीटरचा, तांदळाच्या दाण्याएवढा. नाव मोठं आहे, एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस. एकदा ऐकलंत, आता विसरलात तरी चालेल.

हा राहतो कुत्र्याच्या आतड्यात. शेकड्यांनी, कधी हजारोंनी असतो, आणि कुत्रा मात्र ठणठणीत. शेपूट हलवतोय, भाकरी खातोय, कुणाला शंकाही येत नाही. पण त्याच्या विष्ठेतून जंताची अंडी बाहेर पडत असतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. ती गवतावर पडतात, मातीत मिसळतात, पाण्यात जातात, भाजीच्या पानांना लागतात, कुत्र्याच्या केसांनाही चिकटतात. गारव्यात आणि ओलाव्यात महिनोन्‌महिने टिकतात. फ्रीजमध्ये ठेवून मरत नाहीत, उकळल्यावर मरतात.

पुढे ते गवत मेंढी खाते, बकरी खाते. अंडं पोटात फुटतं, आतला सूक्ष्म जीव आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतो आणि बहुतेक वेळा यकृतात, नाहीतर फुप्फुसात जाऊन बसतो. तिथे त्याचा पाण्याचा फुगा होतो. त्या फुग्यात जंताची हजारो बारीक डोकी तयार होतात. आतल्या पाण्यात ती वाळूसारखी खाली बसतात, म्हणून तिला ‘हायडॅटिडची वाळू’ असंच म्हणतात.

मग ती मेंढी कापली जाते. कलेजीवर पांढरट फुगा दिसतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘हे नको, हे काढा.’ कापणारा तेवढा भाग काढतो आणि कडेला ताटकळत बसलेल्या कुत्र्याकडे भिरकावतो. कुत्रा तो गट्टम करतो. त्या वाळूतलं एकेक डोकं त्याच्या आतड्यात एकेक जंत होतं, आणि साधारण दीड-दोन महिन्यांत नवी अंडी बाहेर पडायला लागतात. चक्र पूर्ण!

या सगळ्यात माणूस कुठे आला? माणूस मेंढीच्या जागी येतो. अंडी लागलेला हात तोंडात गेला, न धुतलेली मेथी-कोथिंबीर खाल्ली, कुत्र्याशी खेळून तसेच जेवायला बसलो, की अंडं आपल्या पोटात. या जंताच्या हिशोबात आपण एक मेंढरूच! फरक एवढाच की आपली कलेजी पुढे कुठला कुत्रा खात नाही, म्हणून चक्र आपल्यापाशी थांबतं. गाठ मात्र आपल्याकडेच राहते.

आता लोक सगळ्यात जास्त जिथे गोंधळतात ते सांगते. मटण खाल्ल्याने हा आजार होतो का? नाही. गाठ असलेली कलेजी माणसाने खाल्ली तरी त्यातून हायडॅटिड होत नाही. माणसाला तो कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांमधूनच होतो. (अर्धकच्च्या डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी वेगळा, त्यावर वेगळा भाग करू.) आणि हा आजार माणसाकडून माणसाला लागत नाही. एकाच ताटात जेवा, काही होत नाही.

हे मी इतकं ठासून का सांगते? माझ्या ओळखीत एक मावशी आहेत. माळकरी. घरात अंडंसुद्धा शिजत नाही. त्यांच्या लिव्हरमध्ये हायडॅटिड निघाला. कुणीतरी मोबाईलवर अर्धवट वाचून सांगितलं की हा ‘मेंढरातला जंत’ आहे, आणि गावात कुजबुज सुरू झाली. मी बैल बघायला त्यांच्या वस्तीवर गेले होते, तर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘डॉक्टरीणबाई, खरं सांगा, माळ घातल्यापासून मी तोंडाला लावलं नाही. मग हे माझ्या पोटात आलं कुठनं? सूनसुद्धा वेगळ्याच नजरेनं बघतीय.’ मी म्हटलं, ‘मावशी, तुमच्या माळेचा याच्याशी काही संबंध नाही. लहानपणी घरी कुत्रं होतं का?’ तर म्हणाल्या, ‘एक का, चार होती की! बापाची मेंढरं होती.’ सुनेला बोलावलं आणि दोघींना बसवून हे सगळं चक्र जमिनीवर काडीने काढून दाखवलं. मावशींचं ऑपरेशन पुढे नीट झालं. पण त्या दिवशी त्यांना पोटातल्या गाठीपेक्षा त्या संशयाचा त्रास जास्त होता, हे मला स्पष्ट दिसलं.

लहानपणीचं मी मुद्दाम विचारलं. ही गाठ फार सावकाश वाढते, वर्षाला एखाद-दोन सेंटिमीटर, कधी कमी, कधी जास्त. आठव्या वर्षी पोटात गेलेलं अंडं पस्तिशीत कळू शकतं. तोवर काहीच जाणवत नाही. मग उजव्या बरगडीखाली जड वाटतं, दुखतं, मळमळतं. फुप्फुसात असेल तर खोकला, छातीत दुखणं. पुष्कळांना तर दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत किंवा एक्स-रेमध्ये अचानक कळतं.

धोका असतो गाठ फुटण्याचा. आतलं पाणी शरीरात पसरलं तर जोरदार अ‍ॅलर्जी होते, अंगावर पित्त उठतं, बीपी एकदम पडतं, जीवही जाऊ शकतो. शिवाय ती वाळू सांडेल तिथे नव्या गाठी धरू शकतात. म्हणून ‘सुई घालून पाणी काढून टाकू’ असा घाईचा उद्योग इथे चालत नाही. सुईने करायची एक पद्धत आहे, पण ती सोनोग्राफीत बघत, आधी औषध देऊन, तयारीच्या हॉस्पिटलमध्येच करतात. बाकी काहींना अल्बेंडाझोलच्या गोळ्या महिनोन्‌महिने देतात, काहींचं ऑपरेशन करतात, आणि गाठ निर्जीव झाली असेल तर नुसती नजर ठेवतात. कुणाला काय, ते तपासणारे डॉक्टर ठरवतील. शाळेत जंताची म्हणून मिळणारी एक गोळी याला पुरत नाही, आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने कोर्स सुरू करू नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार कुठल्याही एका वेळी जगात दहा लाखांहून जास्त लोकांना या जातीच्या जंतांचा आजार असतो. प्रश्न असा की हे थांबवता येतं का? येतं. एका देशाने ते करून दाखवलंय, तेही सोनोग्राफी आणि आजची औषधं नव्हती तेव्हा.

तो देश आइसलँड. एकोणिसाव्या शतकातलं आइसलँड म्हणजे मेंढपाळांचा गरीब मुलूख. घरोघरी मेंढ्या, घरोघरी कुत्रे. मेंढी दारातच कापायची आणि नको तो भाग कुत्र्याला. हायडॅटिडचं प्रमाण तिथे जगात सर्वांत जास्त असलेल्या ठिकाणांपैकी एक होतं. दरम्यान १८५३ मध्ये जर्मनीत फॉन सीबोल्ड यांनी मेंढीतल्या गाठी कुत्र्यांना खाऊ घालून दाखवलं होतं की त्यातूनच कुत्र्यात जंत होतो. दशकभराने, १८६३ मध्ये, डेन्मार्कचे हॅराल्ड क्राबे आइसलँडला गेले. शिक्षणाने डॉक्टर, पण काम कोपनहेगनच्या पशुवैद्यक कॉलेजात, म्हणजे अर्धे माझ्याच बिरादरीतले! त्यांनी तिथले १०० कुत्रे तपासले. २८ कुत्र्यांत हा जंत निघाला.

मग त्यांनी काय केलं? एक छोटी पुस्तिका लिहिली. आजार कसा होतो आणि काय केलं की होत नाही, साध्या भाषेत. १८६४ मध्ये ती आइसलँडमध्ये घरोघरी फुकट वाटली गेली. आइसलँडचे लोक गरीब होते, पण वाचणारे होते. हिवाळ्यातल्या लांबलचक रात्री घरात मोठ्याने वाचन चालायचं. ती पुस्तिकाही तशीच घरोघरी पोचली. त्या काळातला फॅमिली ग्रुपवरचा फॉरवर्ड समजा, फक्त खरा! पाठोपाठ १८६९ मध्ये आणि मग १८९० मध्ये कायदे आले: कुत्र्यांची संख्या आवरा, त्यांना जंताचं औषध द्या, गाठी असलेले अवयव नष्ट करा. मेंढ्या कोवळ्या वयातच कापल्या जाऊ लागल्या, त्यामुळे गाठ पिकायला वेळ मिळेना, हेही एक कारण मानतात.

परिणाम लगेच दिसला नाही, कारण जुन्या गाठी लोकांच्या पोटात होत्याच. पण विसाव्या शतकातल्या शवविच्छेदनांत म्हाताऱ्यांमध्ये गाठी सापडत, आणि शतकाच्या वळणावर जन्मलेल्यांमध्ये जवळपास नाहीत. आईबापांनी सवय बदलली, फळ मुलांना मिळालं. पुढे १९२४ मध्ये राजधानी रेक्याविकमध्ये कुत्रा पाळायलाच बंदी घातली गेली, ती १९८४ मध्ये जाऊन सैल झाली. तेवढ्या टोकाला जायची आपल्याला गरज नाही. न्यूझीलंडने कुत्र्यांना औषध आणि कच्चे अवयव घालायला बंदी, या दोन गोष्टी धरून ठेवल्या आणि २००२ मध्ये तो देश यातून जवळपास मोकळा झाल्याचं जाहीर केलं.

आता आपल्याकडे या. रविवारची मटणाच्या दुकानासमोरची रांग आठवा. गटारी आठवा, गावची जत्रा आठवा, बकरी ईद आठवा. दारात, शेतात, देवळामागे बोकड कापला जातो आणि चार कुत्री भोवती असतातच. फुप्फुस, खराब कलेजी कुत्र्याला घालणं यात कुणाचा वाईट हेतू नसतो. उलट मुक्या जनावराचं पोट भरावं हीच भावना असते. म्हणून खाटिकाला किंवा धनगराला दोष देऊन काही होणार नाही. सवय एकट्या त्यांची नाही, सगळ्यांची आहे. शिवाय सगळ्यात जास्त धोका त्यांच्याच लेकरांना असतो.

तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली आणि मुख्य: कच्ची कलेजी, कच्चं फुप्फुस कुत्र्याला घालायचं नाही. घालायचंच असेल तर तुकडे करून अर्धा तास चांगलं उकळा. गाठ असलेला भाग जाळा, नाहीतर कुत्रं उकरणार नाही इतका खोल पुरा. दुसरी: पाळलेल्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, वजनाप्रमाणे, व्हेटला विचारून. पाकिटावर ‘प्राझिक्वांटेल’ आहे का बघा, कारण प्रत्येक जंताची गोळी या जंतावर चालत नाही. ते औषध जंत मारतं, अंडी मारत नाही. म्हणून पुढचे दोन-तीन दिवस त्याची घाण उघड्यावर टाकू नका. आणि ‘विष्ठेत काही दिसत नाही, म्हणजे जंत नाहीत’ असं समजू नका. तांदळासारखे तुकडे दिसतात ते बहुतेक वेगळ्या जातीचे, हा तसा दिसत नाही. तिसरी: कुत्र्याला हात लावल्यावर, मातीत काम केल्यावर साबणाने हात धुवा. मुलांना ही सवय लावा. कच्ची खायची भाजी वाहत्या पाण्यात चोळून धुवा. सॅनिटायझरच्या भरवशावर राहू नका, या अंड्यांना त्याचं काही वाटत नाही.

आणि कृपा करून हा भाग ऐकून गल्लीतल्या कुत्र्याला दगड मारू नका. त्याच्या पोटात जंत गेला तो आपण टाकलेल्या तुकड्यातून. गल्लीत कुत्र्यांना रोज खायला घालणारे मित्र असतील, तर त्यांना हा भाग नक्की पाठवा. औषधाची गोळी खाऊ घालायला त्यांच्याइतकं योग्य कुणी नाही. कुत्री त्यांच्याच हातचं खातात.

येत्या रविवारी मटण आणायला गेलात आणि कलेजीचा तुकडा कुत्र्याकडे जाताना दिसला, तर फक्त एवढं म्हणा, ‘मामा, कच्चं नका टाकू, माणसाला गाठी होतात त्यानं.’ एखादा हसेल, एखादा ऐकेल. ऐकणारा एक मिळाला तरी एका कुत्र्याचं चक्र तुटलं.

तुमचे प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा, पुढच्या भागात उत्तरं देईन. काळजी घ्या, हात धुवा. भेटू!