जीवशास्त्राची पदवी आणि आपली मुले
(वार्षिक पारितोषिक वितरण समारंभातील भाषण)



बारावीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यात एक वाक्य हमखास कानावर येते : 'नीटमध्ये नंबर लागला नाही, म्हणून बी.एस्सी.ला टाकलंय.' हा 'टाकलंय' शब्द मला खटकतो. नको असलेली वस्तू माळ्यावर टाकावी, तशी ही मुले जीवशास्त्राच्या वर्गात येतात. पहिले वर्ष नीटची पुस्तके बाकाखाली धरून काढतात, दुसऱ्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसतात आणि भानावर येतात तोवर पदवी संपत आलेली असते. आखातात राबणाऱ्या बापाचा पैसा क्लासांच्या फीमध्ये जातो तो वेगळाच.

डॉक्टर होण्याच्या इच्छेला माझा विरोध नाही. समाजाला डॉक्टर हवेतच. माझे म्हणणे इतकेच की जीवशास्त्र म्हणजे डॉक्टरकीच्या दारातली बसायची ओटी नव्हे. ती स्वतंत्र विद्या आहे आणि तिचे प्रश्नही वेगळे आहेत. आपल्या कोकणातलाच एक प्रश्न घ्या. बाहेरून निर्दोष दिसणारा हापूस कापला तर आत पांढरट, आंबूस साका निघतो. असे का होते? जमिनीवरून परत येणारी उष्णता, कोय फळातच रुजण्याच्या तयारीला लागणे, अशी कारणे शास्त्रज्ञांनी मांडली आहेत. बागायतदाराच्या खिशाला भिडणारा हा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा आहे, डॉक्टरकीचा नाही. खाडीतल्या तिसऱ्या एका बाजूला भरपूर आणि दुसऱ्या बाजूला का नाहीत, हा प्राणिशास्त्राचा. असे प्रश्न ज्या मुलाला पडतात, त्याने बी.एस्सी.ला यावे, आणि मान वर करून यावे.

दुसरा एक गैरसमज सांगतो. 'गणित जमत नाही, म्हणून बायोलॉजी' असे कित्येक पालक मला सांगतात. मेंडेलने वाटाण्यावर प्रयोग केले, त्यात एका प्रयोगातले ७,३२४ दाणे मोजले : ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. जवळजवळ तीनास एक. हे प्रमाण हाती आले म्हणून आनुवंशिकतेचा नियम हाती आला. १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात मोजणे आणि गुणोत्तर काढणे हाच गाभा आहे. आज तर संख्याशास्त्र आणि संगणक यांवाचून जीवशास्त्राचे पान हलत नाही. गणिताला भिऊन येणाऱ्याची इथे सुटका नाही, हे प्रवेशाआधी कळलेले बरे. (बेडूक कापण्याची भीती मात्र सोडून द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राण्यांची चिरफाड अभ्यासक्रमातून बंद करायला सांगितली. पालकांच्या मनातला बेडूक अजून तिथेच आहे.)

आता दोन माणसांविषयी बोलतो. डॉ. सालिम अली आपल्याला नावाने माहीत आहेत. जन्म १८९६, मुंबईचा. लहानपणीच पोरके झाले, मामांनी वाढवले. कॉलेजचे पहिले वर्ष जड गेले तेव्हा शिक्षण सोडून घरच्या व्यवसायासाठी ब्रह्मदेशात गेले. 'बघा, पदवीशिवाय एवढे मोठे झाले!' असे कोणी म्हणेल, तर पुढचेही ऐका. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेतील पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही, कारण रीतसर पदवी नव्हती. शास्त्रीय पद्धत शिकण्यासाठी तिशी ओलांडल्यावर त्यांना बर्लिनला जावे लागले. परत आले तर मुंबईतली नोकरीही राहिली नव्हती. तेव्हा ते पत्नी तहमीना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला राहू लागले आणि तिथे १९३० साली सुगरण पक्ष्याची वसाहत त्यांनी दिवसच्या दिवस बसून पाहिली. आपण ज्याला सुगरण म्हणतो त्याचे घरटे विणतो तो नर. अर्धे विणून झाले की मादी येऊन पाहणी करते, पसंत पडले तरच राहते, आणि नर मग दुसरे घरटे बांधायला घेतो. ही नवी माहिती कोणत्या प्रयोगशाळेत नव्हे, आपल्याच किनाऱ्यावर मिळाली. त्यांना १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले, पण पदवी नसल्याची किंमत आधी मोजावी लागली.

दुसरे ओबैद सिद्दीकी. हे नाव आपल्या घरांत फारसे कोणाला ठाऊक नाही, याचे मला वाईट वाटते. जन्म १९३२, उत्तर प्रदेशातला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकले, ग्लासगोला संशोधन केले आणि होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पिकल्या केळ्यावर घोंगावणारी चिमुकली फळमाशी हे त्यांचे साधन. उष्णता वाढवली की लुळ्या पडणाऱ्या आणि थंडावा मिळताच पुन्हा चालू लागणाऱ्या माश्या त्यांनी सेमूर बेन्झर यांच्याबरोबर अभ्यासल्या. मज्जातंतूतून संदेश कसा जातो, हे त्यातून उलगडू लागले. पुढे बंगळूरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र त्यांनी स्थापन केले.

पालकांना पोटापाण्याचे विचारायचे असते, आणि ते रास्तच आहे. स्पष्ट सांगतो : नुसत्या तीन वर्षांच्या पदवीवर फार मोठी नोकरी मिळत नाही. औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीचे काम, विक्री प्रतिनिधीचे काम, बी.एड. करून शिक्षकी, इथपर्यंत वाट जाते. खरी वाट एम.एस्सी.नंतर रुंदावते. नेट परीक्षेत कनिष्ठ संशोधक छात्रवृत्ती मिळवणाऱ्याला २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. शिकता शिकता पगारासारखी रक्कम हाती येते, हे ऐकून पुष्कळ पालक चकित होतात. ज्यांना बारावीनंतरच उपयोजित शिक्षण हवे, त्यांच्यासाठी रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय आहे. मासेमारीवर जगणाऱ्या वस्त्यांतून तिथे अधिक मुले गेली पाहिजेत.

मुलींविषयी एक गोष्ट बोललीच पाहिजे. जीवशास्त्राच्या वर्गात आपल्या मुलींची संख्या चांगली असते, गुणही त्याच अधिक मिळवतात. पण अभ्याससहलीचा दिवस आला की अब्बांची चिठ्ठी येते : 'मुलीला पाठवता येत नाही.' मग ती खारफुटीचे चित्र मैत्रिणीच्या जर्नलवरून उतरवते. झाडाची श्वसनमुळे चिखलातून वर कशी येतात, हे तिने पाहिलेलेच नसते. पालकहो, काळजी असेल तर बाईंना भेटा, कोण बरोबर आहे ते विचारा, हवे तर अम्मीने सोबत जावे. पण न पाहिलेल्या झाडाचे चित्र काढायला लावू नका. आणि बी.एस्सी. होताच स्थळ आले म्हणून एम.एस्सी.चा अर्ज फाडण्याआधी, तिला वर्गात कितवा क्रमांक आहे, एवढे तरी विचारा.

आता प्रवेशाबद्दल. कॉलेज निवडताना इमारत पाहू नका. प्रयोगशाळा पाहू द्या म्हणून सांगा. एका सूक्ष्मदर्शकावर किती मुले बसतात, कांद्याच्या मुळाची स्लाइड मुले स्वतः करतात की तयार मिळते, वर्षातून किती वेळा बाहेर नेतात, हे विचारा. उत्तर द्यायला कोणी टाळाटाळ केली तर दुसरे कॉलेज बघा. अर्जासोबत लागणारे दाखले आत्तापासून गोळा करा. शेवटच्या आठवड्यात तलाठ्याकडे रांग लागते.